आडव्या सिलिंडरचं ऑइल

आमच्या गावात, बपेऱ्यात, 'बॉक्सर' म्हटलं की अजूनही एकच गाडी डोळ्यांपुढे येते, कावासाकी बजाज बॉक्सर. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली ही शंभर सीसीची गाडी आमच्या घरची पहिली मोटारसायकल. वडिलांनी तिच्यावरून धानाच्या चुंगड्या नेल्या, सिहोऱ्याचा बाजार केला, बावनथडीपलीकडे मध्य प्रदेशात सोयरिकी जुळवायला माणसं नेली. पुढे बजाजने भारतात तिची जागा दुसऱ्या गाड्यांना दिली, पण बॉक्सर हे नाव आफ्रिकेत असं रुजलं की युगांडा-केनियात भाड्याने धावणाऱ्या मोटारसायकलींत आजही ते सर्रास दिसतं. या गाडीच्या टाकीवर बॉक्सर लिहिलेलं असलं तरी तिचं इंजिन मात्र बॉक्सर नव्हतं. एक सिलिंडर, एक पिस्टन, तोही जवळजवळ उभा.

खरं बॉक्सर इंजिन गावातल्या पोरांनी पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. कान्ह्याहून परतणारा एक जण पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर थांबला. गाडी बीएमडब्ल्यूची, थोडी जुनी. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दोन सिलिंडर पाहून पोरांचा घोळका जमला. "हे काऊन गा असं बाहेर आलं?" एकाने विचारलं. त्याने सांगितलं, याला बॉक्सर इंजिन म्हणतात. "आमच्या घरी बी बॉक्सर हाय," पोरगं म्हणालं, आणि ते खोटं नव्हतं.

पण मला आठवतं ते पुढचं. गाडी साइड स्टँडवर लावून तो माणूस खाली वाकला, डाव्या सिलिंडरखालच्या गोल काचेत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. काच रिकामी. ऑइलचा थेंब दिसेना. त्याने पिशवीतून ऑइलचा डबा काढला आणि झाकण उघडू लागला. तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "दादा, आधी डबल स्टँडवर घ्या. चहा प्या. मग बघा." पंधरा मिनिटांनी काचेत ऑइल दिसलं, बरोबर मध्यावर. डबा न उघडताच परत पिशवीत गेला.

त्याने तेव्हा अर्धा लिटर ओतलं असतं तर काय झालं असतं, हे नीट समजून घेतलं की या इंजिनाच्या ऑइल खाण्याबद्दलच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. इंजिनाने थोडं ऑइल खाणं हा आजार नव्हे. किती खाल्लं आणि कोणत्या वाटेने गेलं हे न मोजणं, किंवा चुकीचं मोजणं, यातून आजार सुरू होतो.

आधी हे इंजिन काय आहे ते पाहू. दोन सिलिंडर एकमेकांच्या विरुद्ध दिशांना आडवे. मधे क्रँक. दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, मुष्टियोद्ध्याने दोन्ही मुठी एकमेकींवर आपटाव्यात तसे. नावही त्यावरूनच पडलं. एका पिस्टनचा धक्का दुसरा तिथल्या तिथे खोडून काढतो, म्हणून हे इंजिन दोनच सिलिंडर असूनही शांत चालतं. असं इंजिन मोटारसायकलीत बीएमडब्ल्यूच्या आधीही होतं. इंग्लंडच्या डग्लस गाड्यांत ते सांगाड्याच्या लांबीत ठेवलेलं असे, एक सिलिंडर पुढे, एक मागे. पुढच्याला वारा मिळे, मागचा तापे. 1923 मध्ये बीएमडब्ल्यूच्या माक्स फ्रित्झने आर 32 या गाडीत ते आडवं फिरवलं. दोन्ही सिलिंडर वाऱ्यात आले, क्रँक गाडीच्या लांबीत आला आणि त्याची ताकद साखळीऐवजी लोखंडी दांड्याने सरळ मागच्या चाकापर्यंत नेता आली. 494 सीसी, साडेआठ हॉर्सपॉवर. आज शंभर वर्षं उलटून गेली तरी ती मांडणी टिकून आहे.

आर 32 मध्ये आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. त्या काळी बहुतेक मोटारसायकलींत ऑइल फिरून परत येत नसे. वेगळ्या टाकीतून ते इंजिनात सोडायचं, अनेक गाड्यांत त्यासाठी हातपंप असे आणि चालवणाऱ्याने आठवणीने तो दाबायचा. काम करून झालं की ऑइल जळून जाई किंवा रस्त्यावर ठिबके. म्हणजे ऑइल खाणं हीच त्या इंजिनांची रीत होती. आर 32 ने ऑइल इंजिनाच्या तळाशी साठवलं, तिथून पंपाने वर चढवलं आणि परत तळाशी घेतलं. आज आपल्या प्रत्येक शंभर सीसी गाडीत हेच चालतं आणि आपल्याला ते इतकं साहजिक वाटतं की आत ऑइल आहे याचाच विसर पडतो.

फिरून परत येणारं हे ऑइल कमी होतं ते तीन वाटांनी. जळून, श्वासातून आणि गळून.

गळणं डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. हेड कव्हरच्या गॅस्केटभोवती ओल, खाली फरशीवर डाग. बॉक्सरची कव्हरं बाहेरच असल्याने ओल लगेच दिसते, हा उलट फायदाच.

श्वासाची वाट मात्र समजून घेण्यासारखी आहे. दोन्ही पिस्टन एकाच वेळी आत येतात तेव्हा क्रँकभोवतीची मोकळी जागा आक्रसते, बाहेर जातात तेव्हा फुगते. 1170 सीसीच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला साधारण 1.17 लिटर हवा अशी आत-बाहेर ढकलली जाते. मिनिटाला 4000 फेरे धरले तर सेकंदाला सुमारे 67 वेळा. लोहाराचा भाताच तो. ही हवा कोंडून ठेवली तर सील फाटतील, म्हणून तिला बाहेर पडायला नळी दिलेली असते, ब्रीदर. आत ऑइलचे बारीक कण उडत असतात, ते या हवेबरोबर निघतात. गाडी बनवणारे त्यांना वाटेत अडवून परत खाली पाडायची सोय करतात, पण थोडे कण निसटतातच. ते एअर फिल्टरच्या डब्यात जातात आणि तिथून पेट्रोलबरोबर जळतात.

आता ऑइल खुणेच्या वर भरलं तर? आतली मोकळी जागा आणखी कमी होते, फिरणाऱ्या क्रँकला ऑइल जवळ येतं, कणांचा धुरळा वाढतो आणि ब्रीदर ते जास्तीचं ऑइल बाहेर टाकतो. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच पातळी खाली येते. मालक म्हणतो, गाडी ऑइल खाते, आणि पुन्हा वरपर्यंत भरतो. पुन्हा तेच. हवेने थंड होणाऱ्या जुन्या बॉक्सर गाड्या चालवणारे अनुभवी लोक म्हणूनच ऑइल वरच्या खुणेपर्यंत नेत नाहीत, दोन खुणांच्या मध्यावर ठेवतात. तिथे ते कितीतरी स्थिर राहतं. टपरीवर त्या माणसाने अर्धा लिटर ओतलं असतं तर हेच चक्र सुरू झालं असतं, कारण त्याच्या गाडीच्या पिढीत काचेच्या खालच्या आणि वरच्या खुणेतलं अंतर साधारण अर्ध्या लिटरचंच आहे.

मग काच रिकामी का दिसली? साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. ऑइल तळभर पसरलेलं, ते कललेल्या गाडीत भलतीकडे जमा होतं. शिवाय नुकतंच बंद केलेल्या इंजिनात बरंचसं ऑइल अजून वरच असतं, हेडमध्ये, नळ्यांत, ऑइल कूलरमध्ये. ते हळूहळू खाली उतरतं. त्यामुळे या गाड्यांची पातळी पाहायची ती इंजिन चांगलं तापल्यावर, सपाट जागी, डबल स्टँडवर, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून. त्याहून जुन्या, काचेऐवजी ऑइल मोजायची कांडी असलेल्या गाड्यांत आणखी एक खुबी आहे. कांडी पुसून परत घालताना आटे फिरवून आवळायची नाही, नुसती टेकवायची. आवळली तर ती खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. आपल्या साध्या गाड्यांतही कांडी असते तिथे हाच प्रश्न येतो आणि प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते. पुस्तिकेत त्यासाठी एक ओळ असते, ती एकदा वाचावी.

साइड स्टँडचा दुसरा परिणाम सकाळी दिसतो. रात्रभर डावीकडे कललेल्या बॉक्सरचा डावा सिलिंडर खाली असतो. उभ्या सिलिंडरमध्ये इंजिन थांबलं की ऑइल आपसूक खाली निथळतं. आडव्यात ते भिंतीच्या खालच्या बाजूला साचतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या तोंडांमधल्या फटीतून थोडं पलीकडे, जिथे पेट्रोल जळतं तिथे झिरपतं. सकाळी बटण दाबलं की डाव्या बाजूने निळसर धुराचा एक लोट. नवीन मालक घाबरतो. लोट अर्ध्या मिनिटात विरला तर घाबरण्यासारखं काही नाही. मुक्कामाला गाडी डबल स्टँडवर लावा, हे ऑइल खाणं तिथेच कमी होतं.

खरी काळजी जळण्याच्या वाटेची. ती धुराच्या वेळेवरून ओळखता येते आणि ही ओळख उभ्या इंजिनालाही तशीच लागू पडते. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी उतरवली आणि खाली आल्यावर थ्रॉटल देताच निळा धूर निघाला, तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर किंवा सीलवर. थ्रॉटल बंद असताना इंजिन हवा ओढायला बघतं, ती मिळत नाही, आणि त्या ओढीने व्हॉल्व्हच्या दांड्यालगतचं ऑइल आत खेचलं जातं. उलट चढावर, जोर लावताना धूर सतत येत असेल तर रिंग किंवा बोअर. काळा धूर ऑइलचा नसतो, तो पेट्रोल जास्त जात असल्याचा. थंडीतल्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ नुसतं पाणी असतं.

नवीन बॉक्सर सुरुवातीला जास्त ऑइल खाते. ऐंशीच्या दशकापासून या सिलिंडरांच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर देतात. तो इतका कडक की रिंगांना त्याच्याशी घासून नीट बसायला वेळ लागतो, कधी कधी दहा-पंधरा हजार किलोमीटरही. या काळात गाडी नेहमीच अतिशय हळू, न ताणता चालवली तर रिंग बसतच नाहीत. आपल्याकडे नवी गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही असा दंडक असतो. पुस्तिकेतली फेऱ्यांची मर्यादा पाळून तिला कमी-जास्त ताण देणं अधिक बरं.

किती खाल्लं म्हणजे जास्त? ऑइलने थंड होणाऱ्या काही बॉक्सर गाड्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचं प्रमाण चालेल असं म्हटलेलं आहे. ही शेवटची हद्द झाली. चांगल्या स्थितीतली गाडी त्यापेक्षा कितीतरी कमी खाते. शंभर-दोनशे मिलिलिटर असेल आणि वर्षानुवर्षं तेवढंच राहत असेल तर मी निश्चिंत राहीन. पन्नासवरून तीनशेवर गेलं तर, आकडा हद्दीत असूनही, इंजिन उघडायची तयारी करीन. आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. आणि एक साधा हिशेब: दोन सर्व्हिसमधलं अंतर 10,000 किलोमीटर असलं आणि गाडी हजारला 200 मिलिलिटर खात असली तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत दोन लिटर गेलेलं असेल. तळात एकूण चार लिटर. अर्ध्या ऑइलवर मे महिन्यात बालाघाटपर्यंत जाऊन या, मग सर्व्हिसची तारीख पाळली याला काय अर्थ उरतो?

उलटं फसवणारं एक प्रकरण आहे, ते आमच्या गावच्या गाड्यांत जास्त दिसतं. घर ते शेत, शेत ते बाजार, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं थोडं पेट्रोल आणि जळणातून तयार झालेली वाफ ऑइलमध्ये उतरत राहते. ऑइल कमी होतं, पण त्याची जागा पेट्रोल-पाणी घेतं, त्यामुळे पातळी हलत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर दिसला तर हे ओळखावं. मग एखाद्या लग्नाला नागपूरला जाऊन यावं, आणि एका दिवसात पातळी धाडकन खाली. गाडीने ते त्या दिवशी खाल्लेलं नसतं. लांबच्या रपेटीत पेट्रोल-पाणी उडून गेलं आणि खरी पातळी उघडी पडली. अशा गाड्यांचं ऑइल किलोमीटर भरायची वाट न पाहता महिन्यांच्या हिशेबाने बदलावं.

आमच्या भागातला उन्हाळा वेगळा मोजावा लागतो. पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला थंड करायला थंड हवाच नसते. बॉक्सर चालती असेपर्यंत तिचे दोन्ही हेड वाऱ्यात असतात. ती रेल्वे फाटकावर चालू ठेवून उभी केली की वारा शून्य. ऑइल तापतं, पातळ होतं, रिंगांना चुकवून वर जातं. फाटकावर इंजिन बंद करावं, एवढंच. ऑइलच्या डब्यावरच्या 20डब्ल्यू-50 सारख्या आकड्यांत पहिला थंडीतला पातळपणा सांगतो आणि दुसरा, म्हणजे 50, शंभर अंश तापमानाला ऑइल किती जाड राहतं ते. हवेने थंड होणाऱ्या जुन्या बॉक्सरना आपल्या हवेत 20डब्ल्यू-50 मानवतं. 2013 पासून आलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या बॉक्सरना 5डब्ल्यू-40 सांगितलेलं आहे, त्यांना जाड ऑइल पाजून कौतुक करू नये.

क्लचचाही विचार ऑइल घेतानाच करावा लागतो. जुन्या बॉक्सरचा क्लच मोटारीसारखा कोरडा, ऑइलबाहेर. 2013 नंतरच्या पाण्याच्या बॉक्सरमध्ये तो ऑइलमध्ये बुडालेला आहे आणि आपल्या शंभर-दीडशे सीसी गाड्यांतही तसाच असतो. ट्रॅक्टरसाठी किंवा कारसाठी आणलेलं उरलेलं ऑइल मोटारसायकलीत टाकायची सवय खेड्यांत आहे. कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि घर्षण हेच तर क्लचचं काम. डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 असं लिहिलेलं पाहावं. ते मोटारसायकलीच्या ओल्या क्लचसाठीचं ऑइल.

बाकी देखभालीत बॉक्सर दिसते त्याहून सोपी आहे. टॅपेट सेट करायचं तर टाकी उतरवावी लागत नाही, हेड हाताशीच आहे. चार व्हॉल्व्हच्या, ऑइलने थंड होणाऱ्या पिढीत फट हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला 0.15 मिलिमीटर आणि धूर सोडणाऱ्याला 0.30. धुराचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून त्याला जास्त जागा. आमच्याकडचे मिस्तरी कानाने टॅपेट बसवतात आणि आवाज बंद झाला की काम चांगलं झालं असं मानतात. थोडा टकटक करणारा टॅपेट फक्त कानाला त्रास देतो. गप्प बसवलेला, फट न उरलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. हे काम थंड इंजिनावर, फीलर गेजनेच करावं. आणि जुन्या बॉक्सरमध्ये गिअरबॉक्सचं आणि मागच्या चाकाच्या दांड्याचं ऑइल इंजिनापासून वेगळं असतं, ते वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घालावा. बोल्ट जोर लावून आवळू नये, खालचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, आटे एकदा गेले की तीच गळती.

एअर फिल्टरबद्दल मला जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं. कार्तिकात धानाची मळणी सुरू झाली की रस्त्यावर कोंड्याचा धुरळा असतो, आणि वैनगंगेकडून येणाऱ्या रेतीच्या टिप्परमागे गाडी चालवणं म्हणजे वाळूचा भुगा हुंगणं. रेतीतला गारगोटीचा कण लोखंडापेक्षा कडक असतो. फाटक्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरमधून तो आत गेला की रिंग आणि बोअर दोन्ही घासून काढतो, आणि मग जे ऑइल खाणं सुरू होतं ते कोणत्याही ऑइलने थांबत नाही. कागदाचा फिल्टर पेट्रोलने धुऊ नये, बदलावा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, थोडं ऑइल चोळून बसवावा.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवणारे खूप भेटतात. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. दाब गेला म्हणजे पंप हवा ओढतोय आणि बेअरिंग कोरडी पडली आहेत, तेव्हा तो लागतो. आमच्या शंभर सीसी गाड्यांना तर तोही नसतो. शिवाय त्यांच्या पोटात ऑइल लिटरभर. चार लिटरच्या बॉक्सरमधून तीनशे मिलिलिटर गेलं तर फारसं बिघडत नाही, लिटरभरातून गेलं तर जवळपास एकतृतीयांश गेलं. पुलाजवळ थांबलेल्या त्या महागड्या गाडीपेक्षा तिच्याभोवती जमलेल्या पोरांच्या घरच्या गाड्यांची कांडी जास्त वेळा पाहायला हवी.

वडिलांच्या बॉक्सरचा हिशेब कालनिर्णयच्या पानांमागे होता. पुढच्या बाजूला आईचा दुधाचा, मागे त्यांचा ऑइलचा. तारीख, किलोमीटर, किती टाकलं. चहाच्या कपाने मोजत, म्हणून नोंद 'अर्धा कप', 'पाव कप' अशी. बरीच वर्षं दोन ऑइल बदलांच्या मधे पाव कपाच्या वर काही नाही. मग एका पावसाळ्यानंतर अर्धा कप, पुढच्याच महिन्यात एक, आणि त्याखाली त्यांच्या अक्षरात: 'धूर चढावर. रिंग. धान विकल्यावर.' डिसेंबरच्या पानामागे तुमसरच्या मिस्तरीचं बिल टाचलेलं आहे, रिंग सेट आणि बोअर. जानेवारीपासून पुन्हा पाव कप.